निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून मनसे नेमके काय करते?

गोदाकाठ

आज जुलै २०२५. विधानसभेच्या निकालाला आता आठ महिने होत आले. २३ नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या पदरी भोपळा पडला. सव्वाशेच्या आसपास उमेदवार उभे करूनही राज्यभरातील मतांचा वाटा दीड टक्क्याच्या जेमतेम वर राहिला. कल्याण ग्रामीणची हातात असलेली एकमेव जागा गेली आणि माहीममध्ये पक्षाध्यक्ष राज ठाकरे यांचे चिरंजीव तिसऱ्या क्रमांकावर राहिले. तरीही गेल्या चार महिन्यांत राज्यात सर्वाधिक बोलबाला कोणत्या पक्षाचा झाला, असे कोणी विचारले तर एकही आमदार नसलेल्या याच पक्षाचे नाव घ्यावे लागते. गुढीपाडव्याच्या सभेनंतर बँकांमध्ये मराठीचा आग्रह सुरू झाला. मग पहिलीपासून हिंदीचा प्रश्न आला, १६ एप्रिल आणि १७ जूनचे दोन्ही शासन निर्णय सरकारला २९ जूनला मागे घ्यावे लागले, आणि ५ जुलैला वरळीत राज आणि उद्धव ठाकरे हे दोन चुलत भाऊ सुमारे वीस वर्षांनी एका व्यासपीठावर आले.

मी नाशिकचा. २०१२ मध्ये आमच्या महानगरपालिकेत १२२ पैकी ४० जागा जिंकून हा पक्ष पहिल्या क्रमांकावर आला आणि त्याचा महापौर झाला, हे मी जवळून पाहिले आहे. २००९ मध्ये शहरातील तिन्ही आमदार याच पक्षाचे होते. २०१७ मध्ये त्याच महानगरपालिकेत त्याचे पाच नगरसेवक उरले. चाळीसवरून पाच. हा आकडा नाशिककर अजून विसरलेला नाही. मात्र त्याची जी कारणे सांगितली जातात, ती मला पुरेशी वाटत नाहीत.

‘मनसेने नाशिकमध्ये काहीच केले नाही’ हे पहिले कारण खरे नाही. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी टाटा ट्रस्टच्या मदतीने उभे राहिलेले वनौषधी उद्यान, रिलायन्स फाउंडेशनच्या साहाय्याने झालेला गोदापार्कचा टप्पा, मुलांसाठीचे वाहतूक उद्यान, शस्त्रास्त्रांचे संग्रहालय ही कामे डोळ्यांना दिसतात. २०१५ चा सिंहस्थही याच सत्ताकाळात पार पडला. पण ही बहुतेक कामे मुदतीच्या शेवटच्या दीड-दोन वर्षांत नजरेत आली. आधीची तीन वर्षे नाशिककर घंटागाडी वेळेवर येते का आणि रस्त्यावरचा खड्डा बुजतो का, एवढेच पाहत होता. उद्योगसमूहांच्या देणगीतून उद्यान उभे राहते, घंटागाडीचा ठेका मात्र स्थायी समितीतच मार्गी लागतो. १२२ च्या सभागृहात बहुमताला ६२ लागतात आणि तुमच्याकडे ४० असतात, तेव्हा प्रत्येक विषयावर दुसऱ्या कोणाची तरी मनधरणी करावी लागते. पहिला महापौर भाजपच्या साथीने झाला, अडीच वर्षांनी दुसरा महापौर काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या साथीने. त्यामुळे ज्यांच्या विरोधात मते मागितली त्यांच्याच आधाराने सत्ता टिकवायची, हा प्रकार मतदाराला उमजला आणि रुचला नाही.

माझा मुद्दा मात्र याच्या पलीकडचा आहे. हा पक्ष निवडणूक हरल्यावर जिवंत होतो आणि जिंकल्यावर विरघळू लागतो, असे मला वाटते. हे असे का होते, यावर येथील जाणकारांनी लिहावे. नेत्याच्या भाषणशैलीची स्तुती किंवा टवाळी करण्यासाठी दुसरे धागे आहेत.

—

कात्रजकर

उत्तम धागा. पुण्याचे उदाहरण जोडतो, कारण ते नाशिकपेक्षाही बोलके आहे.

पुण्यात २०१२ मध्ये मनसेचे २९ नगरसेवक होते, म्हणजे महानगरपालिकेतील दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष आणि विरोधी पक्षनेतेपद. २०१७ मध्ये दोन उरले. त्या दोघांपैकी वसंत मोरे २००७, २०१२ आणि २०१७ अशा तीनही वेळा निवडून आले. भाजपची लाट असतानाही ते टिकले, कारण कात्रज भागात त्यांचे काम प्रभागाच्या पातळीवर होते आणि पाण्याच्या टाकीपासून दवाखान्यापर्यंत लोक त्यांच्याकडे जात. त्यानंतर २०२२ च्या एप्रिलमध्ये मशिदींवरील भोंगे उतरवण्याचा विषय आला. आपल्या प्रभागात ही भूमिका राबवणे आपल्याला अवघड आहे, असे त्यांनी उघडपणे सांगितले आणि त्यांचे शहराध्यक्षपद गेले. पुढे दोन वर्षे ते पक्षात राहिले, २०२४ च्या मार्चमध्ये बाहेर पडले, लोकसभा वंचित बहुजन आघाडीकडून लढले आणि मग उद्धव यांच्या ठाकरे गटात गेले.

यात कोण बरोबर आणि कोण चूक, हा माझा विषय नाही. पक्षशिस्त हवीच. पण ज्या नगरसेवकाने पंधरा वर्षे प्रभाग राखला, त्याच्या प्रभागात कोण राहते आणि तेथे कोणती भूमिका पेलवेल, हे भूमिका जाहीर करण्याआधी त्याला विचारले गेले असते, तर चित्र वेगळे दिसले असते. भूमिका शिवाजी पार्कच्या सभेत ठरते आणि तिची किंमत कात्रजच्या चौकात चुकवावी लागते. गोदाकाठ, आपण ज्याला विरघळणे म्हणता त्याची सुरुवात मला इथे दिसते.

—

माहीमची खाडी

मूळ लेखाशी अंशतः असहमत आहे.

एक तर ‘जिंकल्यावर विरघळतो’ हे फक्त या पक्षाचे वैशिष्ट्य नाही. सत्तेबाहेरच्या प्रत्येक लहान पक्षाला गळती लागते. २००९ च्या तेरा आमदारांची यादी आठवून पाहावी. राम कदम, प्रवीण दरेकर आणि मंगेश सांगळे भाजपमध्ये गेले, हर्षवर्धन जाधव आणि शिशिर शिंदे शिवसेनेत गेले, वसंत गीते आधी भाजपमध्ये आणि मग शिवसेनेत गेले. रमेश वांजळे यांचे २०११ मध्ये अकाली निधन झाले आणि पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी राष्ट्रवादीच्या उमेदवार होत्या. २०१४ चा एकमेव आमदार जुन्नरचा, तो २०१९ च्या निवडणुकीआधी शिवसेनेत गेला. २०१७ मध्ये मुंबईत सात नगरसेवक निवडून आले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सहा जण शिवसेनेत दाखल झाले. यात नेत्याचा दोष किती आणि मोठ्या पक्षांच्या आमिषांचा किती, याचा हिशेब एकतर्फी मांडू नये.

दुसरे असे की आपण निवडणुकीच्या आकड्यांनीच पक्ष मोजत आहात. टोलचे पाहा. २०१२ मध्ये कार्यकर्ते नाक्यांवर बसून गाड्या मोजत होते, १२ फेब्रुवारी २०१४ ला राज्यभर रास्ता रोको झाला. पुढच्या वर्षी, सरकार बदलल्यावर, राज्यातील १२ नाके बंद झाले आणि ५३ नाक्यांवर लहान वाहनांना सूट मिळाली. अखेर १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून दहिसर, मुलुंड, ऐरोली, वाशी आणि आनंदनगर या मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर लहान वाहनांचा टोल माफ झाला. मी रोज ऐरोली ओलांडतो. त्या पहिल्या दिवशी न थांबता पुढे गेलो, तेव्हा दहा-बारा वर्षांपूर्वी उन्हात वही घेऊन बसलेली ती मुले आठवली.

—

गोदाकाठ

माहीमची खाडी, आपण दिलेले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे! टोल १४ ऑक्टोबरला गेला आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले. म्हणजे सुमारे पाच आठवडे. ज्या पक्षाने हा प्रश्न सर्वाधिक काळ लावून धरला त्याला त्या निवडणुकीत शून्य जागा मिळाल्या आणि ज्यांच्या मंत्रिमंडळाने निर्णय घेतला ते प्रचंड बहुमताने परत आले. तुमच्या मते, ऐरोली ओलांडताना तुम्हाला जे आठवले, ते बाकी किती जणांना आठवले असेल?

—

पाटावरचा मीठवाला

येथे मूळ प्रश्नाला हात घातला गेला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आंदोलन आणि पक्षकार्य यांत एक फरक आहे. आंदोलनाची मागणी मान्य करण्याचा अधिकार नेहमी दुसऱ्याच्या हातात असतो. सरकार शासन निर्णय काढते, किंवा मागे घेते, आणि सही त्याची असते. मतदाराला टोलमाफी मिळाली, दुकानावर मराठी पाटी लागली, पहिलीतली हिंदी गेली, म्हणजे त्याचे काम झाले. त्याबद्दल वेगळे मत देण्याची त्याला निकड वाटत नाही. उलट हा पक्ष सत्तेबाहेर राहिला तरच दबाव टाकील, असा व्यवहारी विचारही मनात असतो, फक्त तो कोणी उच्चारत नाही. दादर-माहीममधील माझ्या परिचयाची कितीतरी घरे अशी आहेत की मराठीच्या प्रश्नावर ती मनापासून या पक्षाच्या मागे उभी राहतात आणि मतदानाच्या दिवशी ‘मत वाया जायला नको’ म्हणून दुसरे बटण दाबतात.

शिवसेनेनेही आंदोलनेच केली, मग तिला मते कशी मिळाली, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर शाखेत आहे. शिवसेनेची शाखा संध्याकाळी उघडी असे. तिथे शाळेच्या प्रवेशापासून रुग्णवाहिकेपर्यंत आणि नळाच्या भांडणापासून नवरा-बायकोच्या भांडणापर्यंत सारे काही येई. यातील प्रत्येक कामाचे ऋण एका घरावर राहत असे आणि ते मतपेटीत फिटत असे. टोलमाफीचे ऋण एका घरावर नसते, ते साऱ्या राज्यावर असते, म्हणूनच ते कोणीच फेडत नाही. मनसेतही शाखाध्यक्ष, उपविभागाध्यक्ष, विभागाध्यक्ष आणि अगदी मतदारयादीच्या पानांपर्यंत जाणारा गटाध्यक्ष अशी उतरंड कागदावर आहे, आणि कित्येक ठिकाणी त्या पदांवर खरोखर राबणारी माणसे आहेत. पण या उतरंडीला वर्षभर पुरेल असे काम वरून मिळत नाही. आदेश येतो तो आंदोलनाचा, आणि तोही थांबतो.

या वर्षीचे बँकांचे आंदोलन पाहा. ३० मार्चला सभेत घोषणा झाली, दुसऱ्या दिवसापासून कार्यकर्ते शाखाशाखांत निवेदने घेऊन गेले, आणि ५ एप्रिलला आंदोलन तूर्त थांबवण्याचे पत्र आले. एक आठवडाही पूर्ण झाला नाही. विषय पुरेसा पोहोचला आणि कायदा हातात घेतला जाऊ नये, ही पत्रामागची भूमिका मला पटते. पण ज्या तरुणाने आपल्या भागातील पाच बँकांची यादी करून तीन ठिकाणी व्यवस्थापकांना भेट दिली होती, त्याने उरलेल्या दोन बँकांचे काय करायचे? रिझर्व्ह बँकेच्या ग्राहकसेवेबाबतच्या सूचनांत प्रादेशिक भाषेची तरतूद आहे. तिच्या आधारे शांतपणे, लेखी आणि सहा महिने पाठपुरावा करणे हे खरे पक्षकार्य झाले असते, आणि त्यासाठी कोणाच्या कानशिलात द्यावी लागली नसती.

—

सीमेवरची

शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत, आणि तोच मुद्दा इतका वेळ या धाग्यावर कोणी काढला नाही याचे नवल वाटते. २००८ मध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या मुलांना झालेली मारहाण असो किंवा जूनच्या अखेरीस मराठीवरून मीरा रोडच्या दुकानदाराला मारलेली थप्पड असो, ज्याला मार बसतो तो बहुधा धोरण ठरवणारा नसतो. मी मराठी शाळेत शिक्षिका होते. पहिलीपासून तिसरी भाषा नको, हे माझे मत शासन निर्णय निघाला त्या दिवसापासून आहे आणि मुलांच्या भाषाशिक्षणाच्या दृष्टीने ते मी कोठेही मांडू शकते. मात्र त्या मताच्या शेजारी थप्पडीची चित्रफीत फिरू लागली की माझ्या मताचे बळ वाढत नाही, घटते. शिक्षक, पालकसंघटना आणि भाषातज्ज्ञ यांनी या प्रश्नावर जे काम केले, त्याचे श्रेय कोणत्याही एका पक्षाच्या खाती जमा होऊ नये, एवढीच विनंती.

—

माहीमची खाडी

सीमेवरची ताई, मारहाणीचे समर्थन मीही करत नाही. परंतु ८ जुलैच्या मीरा-भाईंदरच्या मोर्चाचा उल्लेख अपुरा राहू नये. त्या थपडेच्या निषेधाचा व्यापाऱ्यांचा मोर्चा आधी निघू शकला आणि त्याला उत्तर म्हणून काढलेल्या मोर्चाची वाट मात्र अडवली गेली. जिल्हाध्यक्ष अविनाश जाधव यांना पहाटेच ताब्यात घेण्यात आले. त्यानंतर जे लोक रस्त्यावर उतरले ते केवळ पक्षाचे नव्हते. घरातल्या बायका आणि निवृत्त माणसेही आली होती. सत्ताधारी पक्षाचे मंत्री मोर्चात पोहोचले तर त्यांनाही घोषणांना तोंड द्यावे लागले. हा जनाधार नव्हे तर काय?

—

पाटावरचा मीठवाला

तो जनाधार आहेच, पण तो मराठीच्या प्रश्नाला असलेला आहे. तो पक्षाकडे वळवायचा असेल तर मोर्चानंतरच्या सोमवारी त्या बायकांच्या दारात कोणीतरी जावे लागते.

—

कात्रजकर

भूमिकांच्या सातत्याबद्दलही एक गोष्ट नोंदवतो. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये पक्षाने महाराष्ट्राच्या विकासाचा आराखडा मांडला होता. त्यावर मेहनत झाली होती आणि एखाद्या प्रादेशिक पक्षाने असे दस्तऐवज तयार करणे कौतुकास्पद होते. निकालात एक जागा आली आणि त्यानंतर तो आराखडा कुठल्या सभेत निघाल्याचे मला तरी स्मरत नाही. २०१९ च्या लोकसभेला एकही उमेदवार न देता पंतप्रधानांच्या विरोधात राज्यभर सभा झाल्या, त्यात दाखवलेल्या चित्रफितींची चर्चा घराघरांत झाली. २३ जानेवारी २०२० ला झेंडा बदलून भगवा झाला आणि त्यावर राजमुद्रा आली. ९ एप्रिल २०२४ च्या पाडव्याला त्याच पंतप्रधानांना बिनशर्त पाठिंबा जाहीर झाला. त्याच वर्षी विधानसभा स्वबळावर, आणि आता ठाकरे गटाशी जवळीक. प्रत्येक वळणाची कारणे सांगता येतील. पण घरोघर जाणाऱ्या गटाध्यक्षाने मागच्या निवडणुकीत जे सांगितले त्याच्या उलट या निवडणुकीत सांगायचे असेल, तर दाराच्या आतला माणूस पक्षाध्यक्षांना काही विचारणार नाही, त्यालाच विचारणार.

—

नियमानुसार

एक तांत्रिक बाजू. राज्यपक्ष म्हणून मान्यता टिकवण्यासाठी १९६८ च्या चिन्हांविषयीच्या आदेशात निकष आहेत. विधानसभेत सहा टक्के मते आणि दोन आमदार, किंवा एकूण जागांच्या तीन टक्के जागा, किंवा जागा नसल्या तरी आठ टक्के मते, असे काही पर्याय त्यात आहेत. २८८ च्या तीन टक्के म्हणजे नऊ आमदार. २००९ मध्ये तेरा आले म्हणून हा पक्ष निकषात बसला. २०१४ मध्ये तीन टक्क्यांच्या किंचित वर मते आणि एक आमदार, २०१९ मध्ये सव्वादोन टक्के आणि एक, २०२४ मध्ये दीड टक्का आणि शून्य. त्यामुळे रेल्वे इंजिन या चिन्हाचा प्रश्न भावनिक नाही. आगामी महानगरपालिका निवडणुका विधानसभेच्या निकषांत मोजल्या जात नाहीत, परंतु पक्ष जिवंत ठेवण्याची तीच एक जागा आता उरली आहे.

—

गोदाकाठ

चर्चा वैयक्तिक न होता पुढे गेली याबद्दल सर्वांचे आभार. ‘मीठवाला’ यांचा ऋणाचा मुद्दा मला सर्वांत पटला. मी ज्याला जिंकल्यावर विरघळणे म्हटले त्याचे स्पष्टीकरण बहुधा हेच असावे. निवडून आलेला नगरसेवक आपल्या प्रभागातील घरांवर स्वतःची ऋणे जमवतो, ती त्याच्या नावावर असतात, इंजिनाच्या नावावर नसतात. म्हणून तो जातो तेव्हा प्रभागही सोबत नेतो. आमच्याकडे २०१७ च्या आधी जे पक्ष सोडून गेले, त्यांच्यातील काहींना नव्या चिन्हावरही तेच मतदार मिळाले.

आता पुढच्या गोष्टीकडे. मुंबईची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली, आमची नाशिकचीही तेव्हाच. तेव्हापासून २०२५ च्या जुलैपर्यंत तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनीच कारभार पाहिला, म्हणजे ज्या काळात एकाही पक्षाचा नगरसेवक पदावर नव्हता असा हा काळ आहे. प्रभागात कोणी तक्रार घेऊन जावे असे अधिकृत दारच नव्हते. लहान पक्षाला दारोदार जाऊन माणसे जोडण्यासाठी याहून सोपा काळ मिळाला नसता. सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि जूनमध्ये प्रभागरचनेचे आदेश निघाले. मुंबईत एक प्रभाग एक नगरसेवक, बाकी महानगरपालिकांत चार सदस्यांचा प्रभाग.

नाशिकमध्ये २०१२ ला दोन सदस्यांचा प्रभाग होता आणि चाळीस आले. २०१७ ला चार सदस्यांचा झाला आणि पाच आले. त्या वेळी मुख्यमंत्र्यांनी शहर दत्तक घेण्याची भाषा केली होती आणि भाजपला ६६ जागा मिळाल्या, हे खरेच आहे. तरी चार सदस्यांच्या प्रभागात एकट्या ओळखीच्या माणसावर निवडून येता येत नाही, सोबतचे तीन उमेदवारही उभे करावे लागतात, त्यांत महिला आणि आरक्षित गटांचे असावे लागतात, आणि मतदारसंख्या जवळजवळ दुप्पट होते. दोन भाऊ एकत्र आले तर प्रत्येक चौकडीत इंजिनाच्या वाट्याला किती आणि ठाकरे गटाच्या मशालीच्या वाट्याला किती, हा हिशेब मुंबईबाहेर कोणी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही. पंचवटी, सातपूर किंवा सिडकोच्या कोणा सदस्याला त्याची माहिती असल्यास येथे लिहावी. वरळीच्या मेळाव्याची छायाचित्रे मात्र आता पुरे.

—

नियमानुसार

सिडकोत राहतो. प्रारूप प्रभागरचना प्रसिद्ध झाली की हरकतींची मुदत अगदी थोड्या दिवसांची असते. नकाशा आला की त्या चौकडीतील हद्दी येथे टंकून देईन, म्हणजे २०१२ चे कोणते दोन प्रभाग एकत्र झाले ते ताडून पाहता येईल.